‘त्याला सगळं कळतं’ : आमच्या शेरूकडून शिकलेली संशोधन पद्धती



पेट किंवा नेटची तयारी करताना ‘निरीक्षण’, ‘परिकल्पना’, ‘चल’, ‘कार्यात्मक व्याख्या’ हे शब्द आपण इतक्या वेळा पाठ करतो की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. पण स्वतःचा सिनॉप्सिस लिहायला बसलं की गाडी अडते. माझीही अडली होती. माझ्या पहिल्या मसुद्यावर मॅडमनी एकच शेरा मारला होता : ‘हे तुम्ही पाहिलं आहे की तुम्हाला वाटतं आहे?’ त्या वाक्याचा अर्थ मला पुस्तकातून कळला नाही. तो कळला घरातल्या कुत्र्यामुळे. म्हणून आजचा लेख शेरूवर.

शेरू गावठी आहे. २०१४च्या पावसाळ्यात बाबांनी त्याला नालीच्या कडेवरून उचलून आणलं, तेव्हा तो तळहातावर मावत होता. आता घरात त्याचं राज्य आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा त्याची, आपण सरकायचं. मे महिन्यात रस्ता तापायच्या आत, पहाटे साडेपाचला त्याला फिरवून आणायचं. पोळ्या होत असल्या की पहिली पोळी कोणाची यावर चर्चा होत नाही. आणि घरात त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य म्हणजे, ‘त्याला सगळं कळतं.’

हे वाक्य प्रेमाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण संशोधनाच्या भाषेत हे निरीक्षण नाही. हा निष्कर्ष आहे. या दोघांतला फरक मला कसा कळला, ते दोन प्रसंगांतून सांगते. पहिला हलकाफुलका आहे, दुसरा नाही.

प्रसंग पहिला : तो कोणाची वाट पाहतो?

बाबा बुटीबोरीला नोकरी करायचे. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास कंपनीची बस चौकात सोडायची आणि तिथून ते पायी घरी यायचे. त्याच्या थोडं आधी शेरू उठून फाटकाजवळ जाऊन बसायचा. रोज. आई म्हणायची, ‘बाबांची वाट पाहून राहिला तो.’

२०२३मध्ये बाबा रिटायर झाले. आता ते संध्याकाळी समोरच्या खोलीत खुर्चीवर बसून पेपर वाचतात. आणि शेरू? तो अजूनही बाबांच्या समोरूनच उठतो आणि फाटकाशी जाऊन बसतो. बाबा म्हणतात, ‘अरे, मी इथंच बसून आहो नं!’ तो एकदा वळून बघतो आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करतो.

आता विचार करा. ‘तो बाबांची वाट बघतो’ हे स्पष्टीकरण नऊ वर्षं आम्हाला पुरत होतं, कारण ते तपासायची वेळच आली नव्हती. बाबा खुर्चीवर बसले आणि तेच स्पष्टीकरण डळमळलं. संशोधन प्रश्न बहुतेक वेळा असाच जन्मतो. जे घडायला नको ते घडताना दिसतं.

मी एक वही केली. चौदा दिवस, रोज संध्याकाळी तीन गोष्टी लिहायच्या : शेरू किती वाजता उठला, त्याच्या लगेच आधी घरात काय झालं, आणि घरात कोण कोण होतं. बस, एवढंच. ‘उदास दिसत होता’, ‘आतुर होता’ असले शब्द लिहायचे नाहीत, हा नियम. पहिल्या दोन दिवसांत मी तो चार वेळा मोडला. करून बघा, वाटतं तेवढं सोपं नाही.

लिहायच्या आधी मी पर्यायी परिकल्पना मांडल्या होत्या. एक : तो खरंच बाबांची वाट बघतो. दोन : त्याच्या अंगातच घड्याळ आहे, वेळ झाली की तो उठतो. तीन : एखादा आवाज किंवा वास त्याला उठवतो. चार : चहानंतर बाबा त्याला फिरायला नेतात, त्याची ही तयारी आहे.

पहिल्या आठवड्यातच घड्याळाची परिकल्पना ढिली पडली. तो कधी पावणेसहाला उठत होता, कधी सातला. रविवारी तर हमखास उशीर. मग ‘लगेच आधी काय झालं’ हा रकाना वरून खाली वाचला आणि हसू आलं. चौदापैकी बारा दिवस त्या रकान्यात एकच गोष्ट होती : आईनं खलबत्त्यात अद्रक कुटलं. उरलेल्या दोन दिवसांपैकी एका दिवशी आई वर्ध्याला मावशीकडे गेली होती आणि बाबांनी बिनअद्रकाचा चहा केला. शेरू जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या मंगल कार्यालयात बँड इतका जोरात होता की मलाही काही ऐकू येत नव्हतं.

सगळं जुळलं. बाबा यायच्या वेळी चहा तयार असावा म्हणून आई इतकी वर्षं सहाच्या सुमारास अद्रक कुटत आली. शेरूसाठी तो आवाज म्हणजे ‘आता फाटक वाजणार’. बाबा रिटायर झाले, चहा झाला नाही.

मी मोठ्या उत्साहानं आईला सांगितलं की तो बाबांची वाट बघत नाही, तो अद्रकाच्या आवाजाला उठतो. आई भांडं घासता घासता म्हणाली, ‘मंग वाट पाहणं म्हणजे अजून काय असते वं?’

मी गप्प. कारण प्रश्न बरोबर होता. आवाज ऐकून ‘आता कोणीतरी येणार’ असं समजून दाराशी जाणं, यालाच तर आपण वाट पाहणं म्हणतो. मी ‘वाट पाहणं’ या शब्दाची व्याख्या न करताच तो खोटा ठरवायला निघाले होते.

इथे कार्यात्मक व्याख्या लागते

पुस्तकात आपण वाचतो : एखादी संकल्पना कशी मोजायची हे सांगणारी व्याख्या म्हणजे कार्यात्मक व्याख्या, ऑपरेशनल डेफिनिशन. ‘माया’, ‘निष्ठा’, ‘ओढ’ हे शब्द मोजता येत नाहीत. वागणूक मोजता येते.

याचं एक सुंदर उदाहरण बुडापेस्टचं आहे. १९९८मध्ये योझेफ तोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याची मालकाबद्दलची ओढ मोजायचं ठरवलं. त्यांनी नवी चाचणी शोधली नाही. मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलं आणि आई यांच्यासाठी तयार केलेली चाचणीच ५१ कुत्र्यांना लावली. अनोळखी खोली, कुत्रा, मालक आणि एक परकी व्यक्ती. कधी मालक बाहेर जातो, कधी परका, आणि परत येतात. पाहायचं काय? कुत्रा कोणासोबत जास्त खेळतो, कोण असताना खोली हुंगत फिरतो, कोण गेल्यावर दाराशी उभा राहतो, कोण परतल्यावर जवळ जातो. ‘प्रेम’ हा शब्द न वापरता त्यांनी प्रेमाच्या बऱ्याच जवळचं काहीतरी मोजलं, आणि मालक व परका यांच्याशी कुत्रे वेगळं वागतात हे दाखवलं.

आता माझ्या वहीकडे परत येऊ. आवाजच कारणीभूत आहे हे मला नक्की करायचं होतं. कारण अद्रक कुटायच्या आधी आई उठते, स्वयंपाकघरातला दिवा लावते, दुधाचं पातेलं काढते. हे सगळं एकत्रच घडतं. म्हणून मी कुटण्याचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि दुपारी चारला, आई झोपलेली असताना लावला. पहिल्या दिवशी शेरू उठून थेट फाटकाशी गेला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेतून परतला. तिसऱ्या दिवशी फक्त कान हलवले.

तिसऱ्या दिवशी आई जागी होती. ती रागावली, ‘मुक्या जनावराला कायले फसवून राहिली?’

मी प्रयोग थांबवला. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी केंद्रीय समिती आहे, आणि असे प्रयोग करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेत प्राणी नैतिकता समिती असावी लागते. तुमच्या विषयात प्राणी येणार असतील तर आराखडा लिहितानाच त्या समितीला विचारा, डेटा गोळा झाल्यावर नाही. माझा तर घरगुती खेळ होता. पण रोज फाटकापर्यंत जाऊन रिकामं परतणारा कुत्रा मला दिसत होता, आणि तरी मी तिसऱ्या दिवशी बटण दाबलं. थांबायचं कधी हे आधी ठरवलेलं नसलं की असं होतं.

त्या तीन दिवसांनी एक गोष्ट मात्र दाखवली. मोबाईलच्या आवाजामागून काही आलं नाही, म्हणून शेरूनं तीन दिवसांत नाद सोडला. मग खऱ्या आवाजाचा नाद त्यानं दीड वर्षात का सोडला नाही? फाटकातून बाबा तर आता येतच नाहीत! कारण चहानंतर बाबा त्याला फिरायला नेतात. म्हणजे आवाजामागून काहीतरी अजूनही येतं. पूर्वी बाबा येणं आणि फिरायला जाणं या दोन गोष्टी नेहमी एकापाठोपाठ घडायच्या. त्यामुळे तो बाबांची वाट बघत होता की फिरण्याची, हे माझ्या वहीतून वेगळं काढता येत नाही. दोन चल असे एकमेकांत गुंतले की याला आपण कन्फाउंडिंग म्हणतो. परीक्षेत व्याख्या लिहिताना हे उदाहरण आठवा.

‘म्हणजे शेवटी सगळं खाण्यापिण्यासाठी आणि फिरण्यासाठी?’ असं माझ्या मैत्रिणीनं विचारलं. तेही घाईचं ठरेल. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतो. २०१७च्या त्यांच्या अभ्यासात अनोळखी माणसानं काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खाऊ दिला, तर काहींना फक्त गोंजारलं. पुढे जास्त विश्वास बसला तो गोंजारणाऱ्यावर. कुत्र्यांवरचं संशोधन म्हणजे परदेशातल्या लॅब्राडॉरवरचंच असं समजू नका. आपल्या गल्लीतला कुत्राही अभ्यासाचा विषय आहे.

‘काय घडलं’ आणि ‘का घडलं’

निष्ठावान कुत्रा म्हटलं की दोन नावं हमखास येतात. एक हाचिको. त्याचे मालक हिदेसाबुरो उएनो हे टोकियो इम्पिरियल विद्यापीठात प्राध्यापक होते. मे १९२५मध्ये त्यांचं अचानक निधन झालं. त्यानंतर हाचिको जवळजवळ दहा वर्षं, म्हणजे मार्च १९३५मध्ये मरेपर्यंत, शिबुया स्टेशनवर येत राहिला. तो येत होता हे असंख्य लोकांनी पाहिलं, वर्तमानपत्रांनी छापलं, तो जिवंत असतानाच त्याचा पुतळाही उभा राहिला. ‘काय घडलं’ हे पक्कं आहे. वाद आहे तो ‘का’चा. स्टेशनजवळचे लोक त्याला खायला द्यायचे, म्हणून तो येत असेल असंही म्हटलं गेलं. त्याच्या पोटात मांसाच्या तुकड्यांच्या काड्या सापडल्या होत्या. पण खाऊ मिळत होता म्हणून ओढ नव्हती, असंही त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरं नाव आपलं, वाघ्याचं. १६८०मध्ये शिवछत्रपतींच्या चितेत त्यानं उडी घेतली अशी कथा आहे, आणि रायगडावर समाधीजवळ विसाव्या शतकात उभारलेलं त्याचं स्मारक आहे. २०१२मध्ये तो पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला, २०२५मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली. अनेक इतिहास अभ्यासकांचा आक्षेप असा की समकालीन साधनांत या घटनेचा आधार नाही. म्हणजे इथे प्रश्न ‘का’च्या आधीचा आहे : ‘काय घडलं’ हाच. कथा लोकांना का प्रिय झाली, हा अभ्यासाचा वेगळा विषय आहे, तोही चांगला विषय आहे. पण त्याची साधनं वेगळी. तुमचा प्रश्न या दोहोंपैकी कोणत्या पायरीवर आहे, हे सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर स्पष्ट असलं पाहिजे.

प्रसंग दुसरा : अपराधी चेहरा

एवढा शहाणपणा केल्यावर मला वाटलं, आपण आता शहाणे झालो.

२०२५च्या फेब्रुवारीत शेरू रात्री समोरच्या खोलीत लघवी करू लागला. दहा वर्षांत कधी केली नव्हती. सकाळी डबकं दिसलं की मी कंबरेवर हात ठेवून विचारायची, ‘हे कोणी केलं?’ तो कान पाडायचा, नजर चुकवायचा, शेपूट आत घालून सोफ्यामागे जायचा. आणि घरातलं कोणीतरी म्हणायचं, ‘पाहा, त्याला सगळं कळतं. मुद्दाम करून राहिला.’ तीन आठवडे आम्ही त्याला रागावलो. एकदा रात्रभर अंगणात ठेवला.

त्याच दिवसांत जुनिअर्ससाठी प्रयोगाच्या आराखड्यावर एक टिपण तयार करताना मी अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९चा शोधनिबंध वाचला. विषय : कुत्र्याचा ‘अपराधी चेहरा’. आराखडा इतका साधा की हेवा वाटावा. चौदा पाळीव कुत्रे. मालक कुत्र्याला सांगतो, हा खाऊ खायचा नाही, आणि खोलीबाहेर जातो. मालक नसताना कधी कुत्र्याला खाऊ खायला मिळतो, कधी तो उचलला जातो. मग मालकाला सांगितलं जातं की कुत्र्यानं ऐकलं किंवा ऐकलं नाही, आणि हे सांगणं कधी खरं असतं, कधी खोटं. ‘ऐकलं नाही’ असं कळलं की मालक रागावतो.

आता बघा, दोन स्वतंत्र चल झाले : कुत्र्यानं खरंच खाल्लं की नाही, आणि मालक रागावला की नाही. रोजच्या घरात हे दोन्ही नेहमी एकत्र येतात, प्रयोगानं ते वेगळे केले. नजर टाळणं, कान पाडणं, शेपूट खाली घेणं अशा ठरवून दिलेल्या हालचाली मोजल्या. निष्कर्ष असा की अपराधी चेहऱ्याचा संबंध गुन्ह्याशी नव्हता, मालकाच्या रागावण्याशी होता. उलट, ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो चेहरा जास्त ठळक होता.

मी लॅपटॉप बंद केला आणि वही काढली. तीच वही.

त्या संध्याकाळपासून ‘मुद्दाम’, ‘खोडी’, ‘त्याला कळतं’ हे शब्द बंद. फक्त दिसलं ते. पाण्याचं भांडं दिवसातून एकदा भरावं लागायचं, आता तीनदा. लघवी रात्रीतून दोनदा, जास्त आणि फिकी. पोळी अर्धी टाकून देतो. फिरताना वळणावर बसतो. चार दिवसांची नोंद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं त्या पानावर आधीच होती. रक्त आणि लघवीची तपासणी झाली. मूत्रपिंडं कमजोर झाली होती. म्हाताऱ्या कुत्र्यांत हा आजार सुरू झाला की तहान वाढते, लघवी वाढते. त्याला ती रोखून धरता येत नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा.

बाबा त्या दिवशी घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी आपली गादी समोरच्या खोलीत आणली, आणि आता तीनला उठून तेच त्याला बाहेर नेतात. औषधं आणि पथ्याचं खाणं सुरू आहे. आजार पूर्ण बरा होणारा नाही, पण शेरू सध्या ठीक आहे. अद्रक कुटलं की उठतो.

हे सगळं सांगायचं कारण, ती तीन आठवड्यांची चूक माहिती नसल्यामुळे झाली नव्हती. कन्फाउंडिंग म्हणजे काय हे मला नोव्हेंबरातच कळलं होतं. पण ज्याच्यावर प्रेम असतं त्याच्याबद्दल आपण इतक्या खात्रीनं बोलतो की तपासायचं सुचतच नाही. तुम्ही निवडलेला विषयही असाच तुमच्या जिव्हाळ्याचा असेल. तुमचं गाव, तुमची बोली, तुमचा समाज, तुमच्या आजीच्या ओव्या. जिव्हाळा असू द्या. तो नसता तर मी चार रात्री जागून नोंदी केल्याच नसत्या. फक्त तो निरीक्षणाच्या रकान्यात लिहायचा नाही.

या आठवड्याचा सराव

एक कोरं पान घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात ‘काय दिसलं’, दुसऱ्यात ‘मला काय वाटलं’, तिसऱ्यात ‘आणखी कोणत्या कारणानं हे घडू शकतं’. घरातला कुत्रा, मांजर, खिडकीवर येणारा कावळा, काहीही चालेल. सलग सात दिवस लिहा. पहिल्या रकान्यात ‘रुसला’, ‘खूश’, ‘मुद्दाम’ असा शब्द आला की तो खोडून दुसऱ्या रकान्यात न्या. सातव्या दिवशी तिसरा रकाना रिकामा असेल तर समजा, अजून पुरेसं पाहिलेलं नाही.

मग तेच तुमच्या सिनॉप्सिसच्या प्रास्ताविकावर करून बघा. माझ्या जुन्या मसुद्यात पहिल्या पानावरची नऊ वाक्यं दुसऱ्या रकान्यात गेली होती.

पुढच्या लेखात नमुना निवडीबद्दल बोलू. एका शेरूवरून सगळ्या कुत्र्यांबद्दल का बोलता येत नाही, तिथून सुरुवात करू.